हातवर मॅडम

हॅलो? … हॅलो? … हां ताई, बोल. … अगं, बघितले तुझे मिस्ड कॉल. फोन बॅगेत होता. … बॅग माझ्याच मांडीवर होती, हो. … बरं बाई, मुद्दाम नाही उचलला. झालं समाधान?

… आवाज घुमतोय? घुमणारच. हॉलच्या स्टोअररूममध्ये आहे मी. … अगं, जिथे जाळ्या नि गाद्या ठेवतात ना, तिथे. गाद्यांच्या ढिगावर बसलेय. … दमले म्हणून. … एकटीच. मुली बाहेर बसमध्ये आहेत. … हो, निघायचंय, निघायचंय. ड्रायव्हर मघापासून हॉर्न वाजवतोय, ऐकू येत नाही का तुला?

… हरलो. हो. … तू बघितलीस? टीव्हीवर, पूर्ण मॅच? … आणि भाऊजींनी पण? … शेजारच्या काकू पण! … अख्ख्या मजल्याला बोलावलंस? काय हे ताई! वर चहा पण केला असशील. … केलाच.

… नाही गं, रागावले नाही. पहिल्यांदाच माझी टीम फायनलला पोचली, तुला हौस असणारच.

… कुठली मुलगी? … ती उंच, काडीसारखी? काडीच म्हणतात तिला सगळ्या. … हो, ओरडले मी तिच्यावर. … ओरडतात गं कोच. ओरडायचाच पगार असतो. … चुकलं तिचं काहीतरी. … खेळातलं. तुला नाही कळणार. … अगं, तुला अजून व्हॉलीबॉलमध्ये एका बाजूला किती खेळाडू असतात तेही माहीत नाही. … सात? सहा गं, सहा!

… बरं, सांगते. मध्ये मध्ये बोलू नकोस पण. शेवटचा सेट. आम्हाला एकच पॉइंट हवा होता. समोरच्या पोरीने जोरात मारला, काडी अडवायला जाळीपाशी उडाली, चेंडू तिच्या हातांवरून गेला आणि रेषेच्या बाहेर पडला. … बाहेर म्हणजे पॉइंट आमचा. मॅच आमची! पंचांनी आमच्या बाजूला हातही दाखवला. … हो ना, तुम्ही पण टाळ्या वाजवल्यात ना? आम्ही तर उड्याच मारल्या.

… मग? … मग काडीने हात वर केला.

… म्हणजे तिने पंचांना सांगितलं, चेंडू माझ्या बोटाला लागून गेला. … लागून गेला की पॉइंट त्यांचा. … नियमच आहे तसा. … नाही, पंचांना नव्हतं दिसलं. कोणालाच नव्हतं दिसलं. … लागला होता गं खरंच. ती कशाला खोटं बोलेल? … हो ताई. खरं बोलली ती. … तेच. तेच चुकलं तिचं.



… काय म्हणालीस? … "हातवर मॅडम." आठवतंय. कसं नाही आठवणार, मीच तुला हसत हसत सांगितलं होतं. … हो, अजूनही माझ्यामागे तेच म्हणतात. दुसऱ्या कॉलेजच्या पोरीसुद्धा. … पहिल्याच दिवशी शिकवते गं मी. सर्व्हिस नंतर, पासिंग नंतर. आधी जाळीपाशी उभं करायचं, बोटांच्या टोकाला हळूच चेंडू लावायचा आणि विचारायचं, लागला? लागला तर हात वर. पंचांनी विचारायच्या आधी. … हो, तिलाही मीच शिकवलं. … याच तोंडाने.

… थांब जरा. कोण आहे? … आले, आले! कॅप्टन, ड्रायव्हरना सांग दोन मिनिटं. … काडी चढली का? … काही खाल्लं तिने? … बरं. जा तू. दार ओढून घे.

… कॅप्टन आली होती. … सगळ्यात मागे बसलीय म्हणे, खिडकीकडे तोंड करून.

… मी काय बोलले ते तुम्हाला ऐकू नाही आलं? बरं झालं. … नाही, नाही सांगणार. … ताई, नको ना. … भाऊजी आहेत का शेजारी? मग आधी स्वयंपाकघरात जा. … गेलीस? … दार लावलंस?

… मी म्हणाले, "तुला कोणी विचारलं होतं का?" … एवढंच नाही. … म्हणाले, "जास्तच शहाणी झालीस." … अजून आहे गं. … म्हणाले… "तुला टीममध्ये घेतलं, हीच माझी चूक."

… हो. सगळ्यांसमोर. आणि बाहेर काढून बाकावर बसवलं. नेमका तेव्हाच हॉल शांत झाला होता, कसा कुणास ठाऊक. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं असेल. … बरोबरी झाली होती, पुढचे दोन्ही पॉइंट गेले आणि मॅचही. जाणारच. पोरी चेंडूकडे कुठे, माझ्याकडेच बघत होत्या.

… आणि मॅच संपल्यावर ती माझ्याकडे आली. मला वाटलं आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. तर "सॉरी मॅडम" म्हणाली. … ती! मला! … मी काय म्हणणार? "असू दे" म्हणाले. माफ केलं मी तिला, ताई. मी!

… का म्हणजे? माहितीये तुला का. … हो, तीच, विद्यापीठाच्या टीमच्या कोचची जागा. निवडीचे साहेब पहिल्याच रांगेत बसले होते. अर्धं लक्ष माझं त्यांच्याकडेच. … कँटीनमागच्या खडबडीत मैदानावर पोरी खेळवण्यात जन्म गेला गं माझा. स्टाफरूममध्ये "आल्या चेंडूवाल्या बाई" म्हणून हसून घेतलं लोकांनी. वाटलं, एक पॉइंट आणि सुटले यातून. तो पॉइंट मिळालासुद्धा होता, आणि ही पोरगी…

… नाही, गेली नाही जागा. … अगं ऐक ना. मिळाली. … हो, मिळाली! … नको, नको, भाऊजींना हाक मारू नकोस! आधी ऐक. … ऐक गं!

… साहेब स्वतः आले. मी म्हटलं, आता हे माझी सालटी काढणार. तर म्हणाले, "मॅडम, हरलात ते सोडा. त्या मुलीला जे झापलंत ना, तसा कोच हवाय आम्हाला." … हो. त्यासाठीच. बाकी काही बघितलंच नाही त्यांनी. एवढी वर्षं जे शिकवलं त्याची कोणी दखल घेतली नाही, आणि आज त्या एका मिनिटावर मिळाली.

… मी? … "थँक यू सर" म्हणाले. … हसून. … वर हेही म्हणाले, "पुन्हा असं होणार नाही, मी बघते." … काडी तिथेच होती, चेंडू गोळा करत. … ऐकलंच असणार. बहिरी आहे का ती?

… नाही, रडत नाहीये. धूळ आहे इथे. … बरं, रडतेय.

… लाज वाटते गं. त्या बसच्या पायरीवर पाय ठेवायची लाज वाटते. मघाशी तर ठरवलंच होतं, कॅप्टनला सांगायचं तुम्ही व्हा पुढे, माझी तब्येत बरी नाही. … माहितीये, पळपुटी आहे मी. … ओरड ना माझ्यावर. तू ओरडलीस की बरं वाटेल मला. … ओरडत का नाहीस?

… काय सांगू तिला? … एवढंच? … सगळ्यांसमोर? … हो, बोलले तर सगळ्यांसमोरच. … बरोबर आहे तुझं.

… हा बघ, परत हॉर्न. उठते. पायाला मुंग्या आल्यात. … ताई, फोन ठेवू नकोस. चालू राहू दे. काही बोलू नकोस, नुसती राहा. … हो, हातातच आहे.

… दादा, इंजिन बंद करा जरा. … एकच मिनिट. … मुलींनो… नाही, बसा, बसा, उभ्या नका राहू. … मला थोडं बोलायचंय. काडी… काडी, इकडे बघ. … बरं, नको बघूस. तिकडे बघतच ऐक. तुझं काही चुकलं नाही. मी तुला बोलले ते चुकीचं होतं. साहेबांना बोलले तेही चुकीचं, ऐकलं असशील तर. … ऐकलंस. … सॉरी तू म्हणायला नको होतंस. मी म्हणायला हवं होतं. सॉरी, बाळ.

… काय? … मोठ्याने बोल, पुढे ऐकू येत नाही. …

… "पुढच्या वेळी हात वर करायचा की नाही?"

… खरंच विचारतेयस. … सगळ्याच विचारताय, दिसतंय मला.

… करायचा. … मी ओरडले तर? … तरी करायचा. तेव्हा माझ्याकडे बघायचंच नाही.

… दादा, घ्या गाडी.

… ताई? … ऐकलंस? … तिने मान हलवली आणि परत खिडकीकडे वळली. … विश्वास? लगेच कसा बसेल? मी असते तर माझाही नसता बसला.

… ठेवते आता. साहेबांना फोन करायचाय. … इथूनच, बसमधूनच, मोठ्याने. मघाचं ऐकलंय ना हिने, हेही ऐकू दे. … सांगेन की ती मुलगी बरोबर होती, ज्यासाठी तुम्ही मला जागा देताय ती माझी चूक होती. … नाही देणार मग. माहितीये. … त्याचं नाही गं काही. सलतंय ते वेगळंच. इतक्या पोरी शिकून गेल्या माझ्याकडून, ताई, पण हात वर करायचा की नाही, हे आजवर एकीलाही मला विचारावं लागलं नव्हतं. … ठेवते.