खिडकीवरची जुई

मंडळी, एक साधा सवाल. हुंगलेलं फूल देवाला चालतं का? ...नाही? सगळेच नाही म्हणता? बरं! मग ऐका – आणि तो पानाचा डबा मिटा आधी, खडखड होतेय!

एका गावात यमुना नावाची सून. सासू भीमाबाई खाटेवर – पाय गेलेले, जीभ मात्र ठणठणीत! यमुनेनं देवीला साकडं घातलं – श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी तुला घरच्या जुईची जाळी घालते, कळ्यांचं अख्खं वस्त्र! पण आत्याबाईंचे पाय परत दे.

मागच्या भिंतीशी वेल लावली. न्हाणीचं पाणी तिथेच पडायचं, पण देवीच्या वेलीला सांडपाणी? छे! आडाचं पाणी शेंदून घालायची. कुजलेलं शेणखत, सुतळीचा आधार, जुन्या काड्यांची छाटणी – लेकरासारखं केलं हो! वेल चढली ती थेट सासूच्या खिडकीच्या गजांना बिलगली. फुलली!

सासू आतून म्हणते, "काय गं, माझ्यासाठी अत्तराचं दुकान काढलंस?"

शेजारची सोनाबाई कळवळली – देवीसाठी हो! "यमुने, तुझी सासू आतून हुंगतेय की! उष्टी फुलं घालणार देवीला?"

झालं! यमुनेनं गजांवरचे शेंडे सोडवले, भिंतीवर वळवले, खिडकी लावून घेतली. स्वतः कळ्या खुडायची ती नाकाला पदर बांधून!

"यमुने, खिडकी उघड. इथं माझ्याच अंगाचा वास येतो गं."

"सणापुरतं सोसा, आत्याबाई. तुमच्यासाठीच करतेय."

हसू नका! यमुना वाईट नव्हती. जेवण वेळेवर, औषध वेळेवर. पायांसाठी म्हातारीचा श्वास कोंडला, एवढंच! आणि गाव म्हणालं – काय भक्ती!

शुक्रवार आला. एकूण एक कळी खुडून यमुनेनं जाळी ओवली. देवळात नेली. गुरवकाकांनी हातात घेतली, डोळे मिटले, आणि नाक आत खुपसून – हुंऽऽ! "व्वा! काय घमघमाट!"

यमुना पांढरीफटक. "काका, हुंगलीत?"

"अगं, वास आपण होऊन येतो. नाकाला काय दार लावायचं?"

आणि घातली की जाळी देवीला! काय झालं? कळस कोसळला? दिवा विझला? काही नाही.

यमुना आरतीला थांबलीच नाही. घरी आली, खिडकी उघडली. वेलीवर कळी शिल्लक नव्हती. भिंतीवरचा एक शेंडा तिनं हातानं ओढून गजात अडकवला, आणि तशीच उभी राहिली.

म्हातारीनं लांब श्वास घेतला. "फुलं संपली वाटतं. पानांचा वास येतोय, ओला... राहू दे. बंद करू नकोस."

पाय आले का, विचारू नका. नाही आले.

आता तुमच्याकडे वळतो. "गप पडून राहा, मी कीर्तनाला चाललोय" असं घरी कुणाकुणाला सांगून आलात? खाली बघू नका! आरती व्हायची आहे, तरी ज्याला जायचं त्यानं उठावं. आत्ता! देवी थांबेल. तिला पाणी पाजायला कुणी लागत नाही.