मारबतीला घाबरून गेलेल्या भाडेकरूबाबत

मी, रुपराव नत्थूजी हेडाऊ, वय ६१ वर्षे, धंदा मंडप-बिछायत (पूर्वी हातमाग), रा. तांडापेठ, नागपूर, ठाण्यात स्वतः येऊन सांगतो की, माझ्या घराच्या मागील दोन खोल्यांत नर्गिस नावाची अफगाण बाई, वय ३२, व तिची मुलगी सितारा, वय ७, मागच्या दिवाळीपासून भाड्याने राहतात. बाई शिवणकाम करते. नवऱ्याबद्दल मी एकदा विचारले होते. पुन्हा विचारले नाही. निर्वासित म्हणून संरक्षण मिळावे असा तिचा अर्ज दिल्लीला विचाराधीन आहे. न कळवता पत्ता सोडायचा नाही, हे तिला ठाऊक आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीतून मारबत निघाली. साहेब नागपुरात नवीन आहेत म्हणून सांगतो, मारबत म्हणजे बांबू-कागदाचा बाईचा मोठा पुतळा. मोहल्ल्याची इडापीडा घेऊन जा म्हणून ओरडत तिला मिरवतात व शेवटी जाळतात. मी समोरच्या दारात उभा होतो. ढोल वाजत असतानाही मागच्या दाराची कडी निघाल्याचे मला ऐकू आले. माझे कान मागाच्या खटखटीत तयार झालेले आहेत. सितारा मी दिलेला, लहान पोरांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घेऊन खेळायला निघाली, असे मी समजलो.

दुपारी माझी पत्नी तुळसाबाई पुरणपोळ्या द्यायला गेली, तेव्हा खोलीत कोणी नव्हते. शिलाई मशीनमध्ये ब्लाउज तसाच अडकलेला होता. तेवढ्यात शेजारी रामाजी यांनी परदेशी भाडेकरू फरार झाल्याचा फोन ठाण्यात केला. मी म्हणालो, "काहून गा रामाजी, आधी मले तर विचारायचं!" ते म्हणाले, "तुले काय विचारू? तू तं त्याहीले पाहुण्यावानी ठेवतं."

नंतर कामठीहून माझी बहीण अनुसया हिचा फोन आला. तिचे ब्लाउज नर्गिस शिवते, म्हणून तिचे घर नर्गिसला माहीत आहे. "दादा, तुह्या घरचे माणसं माह्या घरी येऊन रडून राहिले, अन् तू तिकडे पुरणपोळी खाऊन राहिला का?" मी लगेच कामठीला गेलो. नर्गिस म्हणाली, "चाचा, आदमी चिल्ला रहे थे, औरत को जलाने ले जा रहे थे. हमारे यहाँ भी पहले शोर ही आया था." सितारा म्हणाली, "आबा, मी अम्मीले सांगून राहिली होती, ते खरी बाई नाही. ऐकतच नाही नं गा!"

ती पळाली असती तर कागदपत्रे घेऊन गेली असती. ती सर्व माझ्या कपाटात होती व आहेत. बाईने फक्त पोरगी नेली, पोरीने फक्त नंदी नेला. दोघींना मी त्याच दिवशी घरी आणले.

येताना शेअर ऑटोत मी नर्गिसला मारबत समजावून सांगितली. ती म्हणाली, "हमारी तकलीफ भी ले जाती?" मी म्हणालो, "तू तो पहलेच भाग गई न बेटा. अब अगले साल." तिने विचारले, "अगले साल तक रहने देंगे?" हेच विचारायला मी ठाण्यात आलो.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'फरार झाली' असे होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'नातेवाइकांकडे कामठीस गेली होती' असे केले. आता बरोबर आहे.