काळवज्र, सूर्यकेत आणि कट्यारीचं लिंबू

कुंदन : ...म्हणजे तू परत तेच म्हणतोस. अंगाला हळद, डोक्याला फेटा, माझ्याच तबेल्यात उभा, आणि परत तेच!

भाग्येश : मी काहीच म्हणत नाहीये, बाबा. मी एवढंच म्हणतोय, घोडी सोड. बँडवाले ताटकळलेत, मारुतीच्या पाराला जायचंय, नवरदेव तयार आहे, आणि घोडी इथं निवांत चारा खातेय.

कुंदन : माझी झुंबर कुठंही जाणार नाही. काल हळदीत भर मांडवात माईकवरून काय बोललास, ते आधी मागं घे.

भाग्येश : अरे, ते मालिकेबद्दल होतं!

कुंदन : ‘काळवज्र हरला, कारण तो भित्रा होता.’ माईकवरून! माझ्या मावशीनं ऐकलं.

भाग्येश : तुझ्या मावशीला ‘सातवी आकाशगंगा’ काय माहीत?

कुंदन : आकाशगंगा माहीत नाही, पण मी कुणाच्या बाजूचा ते माहीत आहे. रात्रभर विचारत होती, ‘आपला माणूस हरला का रे?’ काय सांगू तिला?

भाग्येश : सांग, हो, हरला. मुद्द्यावर ये. शेवटचा भाग. गोठलेला चंद्र, बर्फाचा पूल. समोरासमोर सूर्यकेत आणि काळवज्र, लहानपणचे जिगरी दोस्त, आता वैरी. काळवज्राची विजेची तलवार खाली येते, सूर्यकेत वार करतो, काळवज्र दरीत. याला हरणंच म्हणतात.

कुंदन : तलवार आपोआप खाली यायला ती काय बैलाची शेपटी आहे? त्यानं खाली घेतली. मुद्दाम. आणि जरा आपल्या बोलीत बोल. भांडण निघालं की तू शाळेतलं मराठी काढतोस.

भाग्येश : आणि तू काय काढलंयस?

कुंदन : तू काढलंस म्हणून मी काढलं. मुद्देसूद भांडायचं तर हेच लागतं.

भाग्येश : मग मुद्दा ऐक. काळवज्राचं मनगट दुखावलेलं होतं. धूमकेतूवरच्या मारामारीत.

कुंदन : डावं! डावं मनगट! तलवार कुठल्या हातात होती?

भाग्येश : ...दोन्ही हातांनी धरतो तो.

कुंदन : फक्त मोठ्या वाराला. तू मालिका बघतोस की समोर बसून नुसत्या शेंगा फोडतोस? ज्यानं एका हातानं अजगरांचा अख्खा ग्रह रिकामा केला, त्याला सूर्यकेत पाडणार? ज्याला साधं यान नीट उतरवता येत नाही?

भाग्येश : यानावर जायचं काम नाही.

कुंदन : का नाही? दर भागात ठोकतो. ग्रह एवढा मोठा, त्यावर एकच डोंगर, आणि हा बरोबर त्याच डोंगरावर!

भाग्येश : बोलून काही होत नाही. करूनच बघू. मी सूर्यकेत, ही माझी तलवार.

कुंदन : ती नवरदेवाची कट्यार आहे. टोकाला लिंबू खोचलंय.

भाग्येश : लिंबू म्हणजे विजेचा गोळा समज. तुझ्याकडे काय आहे?

कुंदन : घोडीला घासायचा खरारा.

भाग्येश : चालेल. हौदाचा कठडा म्हणजे बर्फाचा पूल. चढ.

(दोघे पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर समोरासमोर उभे राहतात. घोडी चारा सोडून त्यांच्याकडे बघू लागते.)

कुंदन : डावा पाय पुढं घे. सूर्यकेत कायम डाव्या पायावर असतो, म्हणून तर पडतो.

भाग्येश : घे! आणि हा घे! ‘काळवज्रा, तुझा काळ भरला!’

कुंदन : डोळ्यांवरचा फेटा वर कर आधी. माझ्याऐवजी झुंबरला भोसकशील.

भाग्येश : हा वार! आणि हा... अरे, अरे, कठडा ओला आहे रे!

कुंदन : हलू नको. तुझा तोल गेलाय. मी आता नुसतं बोट लावलं, तरी तू हौदात. नवीन कपडे, हळद, फेटा, सगळं शेवाळात. खरं ना?

भाग्येश : खरं. बोट लावू नको.

कुंदन : हे बघ, मी खरारा खाली घेतला. का घेतला?

भाग्येश : मी पडू नये म्हणून.

कुंदन : मग काळवज्रानं काय केलं?

भाग्येश : ...उतरू का मी?

कुंदन : आधी उत्तर दे.

भाग्येश : कुंदन, लिंबू कुठाय?

कुंदन : विषय बदलू नको.

भाग्येश : बदलत नाहीये! कट्यारीला लिंबू नाहीये! आणि ती घोडी काय चघळतेय?

कुंदन : झुंबर! थू कर! थू! ...गिळलं. तोंड बघ कसं आंबट केलंय.

भाग्येश : गेलं आता. नजर लागू नये म्हणून आईनं स्वतःच्या हातानं खोचलं होतं.

कुंदन : थांब. हळद लागल्यावर नवरदेव एकटा उंबऱ्याबाहेर पडत नाही. तुझ्यासोबत कोण आलंय?

भाग्येश : कुणी नाही.

कुंदन : एकटा आलास? त्या जुन्या चिंचेखालून? अक्कल गहाण ठेवलीस का? आईला कळलं तर सोलून काढेल तुला.

भाग्येश : मग काय करू? सोबतीचा माणूसच रुसून तबेल्यात बसला होता.

बन्सीलाल : भाग्या! अरे ओ भाग्या! आख्खं गाव तुले धुंडी ऱ्हायनं, आन् तू आठे हौदवर नाची ऱ्हायना?

भाग्येश : बापू! तुम्ही कशाला आलात?

बन्सीलाल : कसाले म्हंजे? रुसवा काढाले! बाप शे मी नवरदेवना. हाऊ टॉवेल, ही टोपी, हाऊ नारय. कुंदन, बेटा, लग्नमा मानपान चुकस. सांग माले, आमनी काय चूक व्हयनी?

कुंदन : तुमची काही चूक नाही, बापू. अपमान काळवज्राचा झालाय.

बन्सीलाल : कोन काळवज्र?

भाग्येश : बापू, तो...

बन्सीलाल : तू चूप ऱ्हाय! कुंदन, त्याले पत्रिका दिधी व्हती का?

कुंदन : नाही, बापू.

बन्सीलाल : देख, भाग्या! मी तुन्ही मायले सांगत व्हतू, कोनी ना कोनी ऱ्हाई जाई. कोनाकडना शे तो? नवापूरकडना का?

भाग्येश : बापू, तो चंद्रावर राहतो!

बन्सीलाल : कोठे बी ऱ्हावो! मानना मानूस शे. त्यानीबी टॉवेल-टोपी काढू, मी जास्तीनी लई येल शे. कुंदन, त्यानाकरता तूच ले. आते मिटनं ना?

कुंदन : टोपीनं नाही मिटणार, बापू. तुमचा मुलगा म्हणतो, काळवज्र भित्रा होता. भित्रा नव्हता तो. त्याचा दोस्त दुसऱ्या ग्रहावर चालला होता, कायमचा. काळवज्रानं मनात आणलं असतं तर अडवला असता त्याला. ताकद होती. पण त्यानं हात खाली घेतला, म्हटलं, जाऊ दे, सुखी राहू दे. आणि दोस्त यानात बसला, आणि एकदा, एकदासुद्धा मागं न बघता गेला!

बन्सीलाल : कोनता ग्रहवर गया तो?

कुंदन : सुरत.

भाग्येश : कुंदन...

कुंदन : काय कुंदन? परवा बिऱ्हाड घेऊन चाललास ना? वहिनीची तिथं दवाखान्यात नोकरी आहे, तुला तिकडं काम मिळालंय, जायलाच पाहिजे, मी नाही म्हणतो का? पण दुसरं पर्व लागल्यावर मी भांडू कुणाशी? या झुंबरशी? ती पडली सूर्यकेतच्या पार्टीतली. त्याचं गाणं लागलं की नाचते!

भाग्येश : तिला त्या गाण्यावर नाचायला तूच शिकवलंस.

कुंदन : तुझ्या वरातीसाठी शिकवलं, गाढवा! तुला आवडतं म्हणून!

बन्सीलाल : भाग्या, माले काही समजनं नही. पन चूक तुन्ही शे.

भाग्येश : हो, बापू, माझीच आहे. कुंदन, काल मी माईकवर का बोललो, विचार. त्याच्याआधी रुपाशी फोनवर याच्यावरूनच भांडलो होतो. ती म्हणे, काळवज्र हरला नाही, त्यानं सोडून दिलं. माझं तिच्यापुढं काही चाललं नाही, म्हणून सगळा राग माईकवर काढला.

कुंदन : वहिनी असं म्हणाली?

भाग्येश : अस्संच.

कुंदन : मनगटाचं बोलली?

भाग्येश : मी तोंड उघडायच्या आत. ‘डावं होतं,’ म्हणे.

कुंदन : बापू, पोरगी सोन्यासारखी बघितलीत तुम्ही! याला शोभत नाही, पण सोन्यासारखी आहे. आणि तू हे आल्या आल्या सांगायचं सोडून मला हौदावर चढवतोस?

भाग्येश : येड्या, तू बोलू देशी तं सांगसू ना! आन् आईक. माले का भेव नही वाटत? तठे कोनी वयखीना, आपला मानूस नही. दर ऐतवारले गाडी धरीसन येसू मी. भांडाले.

कुंदन : येशी?

भाग्येश : येसू. रुपालेबी लई येसू. तुम्ही दोन्ही एक बाजूले, मी एकला.

कुंदन : हारशी.

भाग्येश : हारसू.

बन्सीलाल : व्हयनं का तुमनं? घोडी काढा आते! आन् कट्यारनं लिंबू कोठे गयं?

कुंदन : झुंबरनी खाई लिधं, बापू.

बन्सीलाल : चाला, घोडीले तरी नजर लागाव नही. ती दुसरी टोपी कोनी शे? त्या चंद्रवालानी ना? घाल घोडीना डोकावर.

भाग्येश : बापू, पण बँडवाल्यांना ते गाणं येत नाही. त्याच्याशिवाय ही पाऊल उचलत नाही.

बन्सीलाल : मंग तुम्ही दोन्ही तोंडनं वाजाडा! गावले समजी तं जाई, कसा येडा भेटनात माले.

कुंदन : बठ वर. डावा पाय रिकिबीमा घाल. डावा, सूर्यकेत, डावा! हां. चाल वं झुंबर.

भाग्येश : कुंदन...

कुंदन : आते काय?

भाग्येश : सूर्यकेतनी मांगे देखाले पाहिजे व्हतं.

कुंदन : पुढे देख तू. लगाम मी धरेल शे.