आधी किट

वॉर्डाबाहेरच्या बाकावर एक बाई नवऱ्याच्या खबरीसाठी जीव मुठीत धरून बसली होती. शेजारच्या काचेच्या खोलीतून मेट्रन दारातल्या तरुण सिस्टरवर कडाडली.

"पीपीई किट न घालता कोविड वॉर्डात धावलीस?"

"मॅडम, पेशंट गुदमरत होता. नाड्या बांधत बसू?"

"बसायचं! तू आडवी पडलीस तर बाकीच्यांना कोण बघणार?"

"त्याची बायको बाहेर बसलीय. तिला काय तोंड दाखवलं असतं?"

बाईच्या हातातली पिशवी गळून पडली.

"कुणीही गुदमरो, आधी किट!"

"परवा तुम्हीही तशाच धावलात ना?"

काचेआड खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबेना.

"म्हणून तर या खाटेवरून ओरडतेय! जा, किट चढव. आणि त्या बाईला लांबूनच सांग, नवरा वाचलाय."