मागची सीट

ललिता : हर्षलाच्या पत्राचं उत्तर अजून नाय गेलं? दिवाळी झाल्यावर आलेलं पत्र हाय ते. आता होळी आली.

नवनाथ : विचार चालू आहे.

ललिता : मला बघून गेलात तेवा पण विचारच चालू होता. कुंभिवलीवरनं माझ्या बापानं माणूस धाडला, तेवा कुठं तुमचं 'हो' निघालं.

नवनाथ : अगं, शाळेत सगळ्याच मुलांकडून लिहून घेतलं असेल, 'आजोबांना पत्र लिहा' म्हणून. तिला आता आठवतही नसेल. मी एवढं उत्तर लिहायचं आणि ती विचारणार, कसलं पत्र?

ललिता : मग खाली 'उत्तर पाठवा' कशाला लिवलंय? वर त्याच्याखाली दोन रेघा ओढल्यात. वाचा बरं परत.

नवनाथ : पाठ आहे. 'प्रिय आजोबा, दिल्लीच्या विमानात तुम्ही आणि आजी पुढे बिझनेस क्लासमध्ये होतात. मी, रुद्र, मम्मी आणि पप्पा मागे. मी तुम्हाला माझं चित्र दाखवायला आले होते, पण पडद्यापाशी ताईंनी परत पाठवलं. पुढे तुम्हाला आवडलं का? पप्पा म्हणतात, खूप आवडलं. खरं सांगा.'

ललिता : मग सांगा की खरं!

नवनाथ : तीच तर पंचाईत आहे.

ललिता : मला तर लय आवडलं बाबा. पाय लांब केले, काचेच्या पेल्यातनं सरबत प्याले, गरम टावेलानं तोंड पुसलं. ती विमानातली पोरगी मला 'मॅडम' म्हणाली. इतक्या वर्षांत तुमी म्हणालात कधी?

नवनाथ : मॅडम, तो चष्मा द्या जरा.

ललिता : घ्या. आन् तुमी काय केलंत? पट्टा आवळून बसलात ते दिल्ली येईपर्यंत. हातात दिलेलं सरबत तेवढं प्यालात, पाणी पण मागितलं नाय.

नवनाथ : ती सारखी वाकून विचारायची, 'सर, काही हवंय?' कुणी इतकं विचारलं की मला काही आठवतच नाही. त्यात तिनं आडनावानं हाक मारली. तिला माझं आडनाव कुणी सांगितलं?

ललिता : चोरी पकडल्यागत तोंड झालं होतं तुमचं.

नवनाथ : आणि मागून रुद्रचं हसू ऐकू येत होतं. मनोजचंही. आपला मनोज एवढ्या मोठ्यानं हसतो, मला माहीतच नव्हतं.

ललिता : मग उठून जायचं बघायला.

नवनाथ : मध्ये पडदा होता. लोक म्हणाले असते, हे म्हातारं कुठे निघालं.

ललिता : बरं, फोन लावा मनोजला. या महिन्यात केरळाची तिकिटं काढणार हाय तो. म्हणा, बाळा, या टायमाला मला मागं बसव.

नवनाथ : फोनवर मला 'हो, छान' याच्यापुढे काही येत नाही. आणि त्याला किती वाईट वाटेल! दिल्लीला उतरल्यावर काय म्हणाला तो? 'बाबा, लहानपणी एस्टीत मला पुढे ड्रायव्हरजवळ बसवून तुम्ही मागे उभे राहायचात. आता पुढे बसायची पाळी तुमची.' डोळे भरले होते त्याचे.

ललिता : उभे? तुमी कधी उभे राहिलात?

नवनाथ : हळू बोल गं. शेजारी ऐकतील.

ललिता : ऐकू देत. खालापूरच्या गाडीत पोराला ड्रायव्हरशेजारी बसवायचं, मला थैल्यांसंगं मधी कोंबायचं, आन् सायब पार मागच्या बाकड्यावर. पुस्तक उघडून! उतरायचं पण ध्यानात नसायचं. कंडक्टर ओरडायचा, 'ओ मास्तर, आली तुमची सासुरवाडी!'

नवनाथ : पुढे बसलं की ड्रायव्हर बोलायला लागायचा. भात किती झालं, यंदा काय भाव. मला उत्तरं सुचायची नाहीत.

ललिता : आन् पोरगं समजलं, बापानं आपल्यासाठी जागा सोडली.

नवनाथ : सोडली होतीच की. फक्त आनंदानं सोडली होती. हे त्याला आता कोणत्या तोंडानं सांगू? इतकी वर्षं जपून ठेवलंय त्यानं.

ललिता : तर जपू दे. ते कशाला मोडता? मागं बसायचंय, एवढंच सांगा. पुस्तक घेऊन बसा एकटे.

नवनाथ : पुस्तक नाही नेणार मी.

ललिता : तुमी? मग करणार काय मागं?

नवनाथ : मनोजच्या शेजारी बसायचंय.

ललिता : मनोजच्या?

नवनाथ : तू हसत का नाहीस?

ललिता : हसंन मागनं. पण माझी पुढची जागा मी नाय सोडायची हां, आदीच सांगते.

नवनाथ : तू पुढेच बस. तुझ्याजवळ हर्षला बसेल.

ललिता : घ्या कागद. मी बसते हितंच.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, भिसेगावात टपालपेटीपाशी.)

ललिता : काय लिवलंय ते वाचा आदी.

नवनाथ : 'प्रिय हर्षला, उत्तराला फार उशीर झाला. पुढे तुझ्या आजीला खूप आवडलं. मला सरबत आवडलं. पण तुम्ही सगळे पडद्यामागे हसत होतात आणि का हसताय ते मला कळत नव्हतं. केरळला जाताना आपण दोघं जागा बदलू. तू पुढे आजीजवळ बस, तिथे तुला मॅडम म्हणतील. मी मागे तुझ्या पप्पांच्या शेजारी बसेन. त्यांना चालेल का, ते विचारून कळव. तुझं चित्र मला मागेच दाखव. हे पत्र जेवताना मोठ्याने वाच.'

ललिता : मोठ्यानं कशाला?

नवनाथ : म्हणजे मनोजला वेगळा फोन करायला नको.

ललिता : भित्रे! आन् एस्टीचं?

नवनाथ : नाही लिहिलं. ते राहू दे त्याच्यापाशी. अगं, 'बसेन'पेक्षा 'बसू का' बरं दिसलं असतं का?

ललिता : टाका ते.

नवनाथ : पिनकोड एकदा—

ललिता : मी बघितलाय. सोडा.

नवनाथ : पडलं वाटतं.

ललिता : पडलं. हात काढा आतला, अडकंल. काय वो, पण पोराशेजारी एवढा वेळ बसून बोलणार काय? दोघं पण मुके तुमी.

नवनाथ : बोलायला कशाला हवं? खिडकी त्याला देईन.