दोरीबाहेर

सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या बसस्टॉपवर माझ्यापुढे एक आजोबा आणि त्यांची लेक जवळच्या बंद किल्ल्याबद्दल बोलत होते.

“इंग्रज होते तेव्हा या किल्ल्यात लोकांना सोडत नव्हते, ते ठीक. आता कुणापासून लपवायचंय?”

“बाबा, आतले बोगदे खचलेत. म्हणून कुंपण घातलंय.”

“तुझ्या इराला एकदा तरी खऱ्या तटावर उभं करायचं होतं गं.”

“घरी दिवाळीचा किल्ला करतेय ना ती, तुम्ही शिकवलात तसा.”

“पाहिला सकाळी. भोवती दोरी बांधलीय, दारावर पाटी. मला इथल्या पोरांसारखी म्हणते, ‘आजोबा, फोर्ट क्लोज्ड असतो, लाह.’”

“मागे दोनदा आणलं होतं तिला इथे. तेव्हाही बंदच होता... महाराजांना कुठे बसवलंय?”

“दोरीबाहेर. मावळ्यांबरोबर रांगेत.”