तानपुऱ्यामागचा शिष्य

गाण्याची शिकवणी लावणार असाल तर आधी एवढंच विचारा, गायला मिळणार का? पंचवटीतल्या आमच्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात तानपुरा दिला. "आधी कान तयार होऊ द्या." बाकीचे गायचे, मी मागे बसून तारा छेडायचो. गुरुपौर्णिमेला माझं गाणं ऐकायला मेहुणा खास येवल्याहून एसटीने आला, तर त्या दिवशीही माझ्या हाती तानपुराच!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी डायरी उघडली. "गुरुजी, बेचाळीस शिकवण्या झाल्या. एकदाही 'सा' लावू दिला नाहीत."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "अहो, तुम्ही गायला लागलात तर तानपुरा कोण धरणार?"

परतताना मेहुणा म्हणाला, "दाजी, पुढच्या वर्षी नुसतं तोंड तरी हलवा. ताईला खोटं सांगताना मला जड जाणार नाही."